पावणेदहाची भरती

सिल्वासाहून समुद्र तीसेक किलोमीटरवर आहे. तरीही सातवीच्या वर्गात "समुद्र कोणी कोणी पाहिलाय?" असं विचारलं, तेव्हा बेचाळीस मुलांतून जेमतेम आठ-नऊ हात वर आले, आणि चौकशीअंती त्यातले दोन हात वनगंगेच्या तळ्यासाठी होते असं निघालं. ही मुलं आमली आणि डोकमर्डीत राहणाऱ्या कामगारांची. आईबाप धुळे-नंदुरबारकडून आलेले, सुताच्या नाहीतर प्लास्टिकच्या कारखान्यात पाळ्या करणारे. सुट्टी मिळाली की गावाला जायचं, म्हणजे पूर्वेला. पश्चिमेला त्यांचं कोणी नाही. शाळेची सहल गेली पाच वर्षं दादऱ्याच्या वनगंगेवर जाते आणि तिथली बदकं आता आमच्या मुलांना तोंडपाठ झाली आहेत.

मी या शाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा श्रीवर्धनच्या बाजूचा, खाडीकाठचा. यंदा सहल समुद्रावर न्यावी, मुलांना किनारा, चिखल, मिठागर, खेकडे, पक्षी असं सगळं दाखवावं, असा अर्ज मी केला. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मॅडम म्हणते, त्यांनी तो दोनदा वाचला.

"मयेकर सर, आधी तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "अहिरे सरांना बरोबर न्या. जागा बघा, पाणी बघा, आणि दोघांच्या सहीचा अहवाल द्या. त्यात एक जरी गोष्ट मला खटकली, तर पोरं वनगंगेवर जातील. बेचाळीस आयांना उत्तर मला द्यायचं असतं."

अहिरे सर आमचे खेळाचे शिक्षक. साक्री तालुक्यातले. त्यांचा आणि समुद्राचा संबंध तोवर जेवणातल्या मिठापुरता होता. सोमवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या मोटरसायकलवरून आम्ही निघालो.

शनिवार, जांपोर

वाटेत वापीच्या पुलावर अहिरे सरांनी विचारलं, "सर, भरती-ओहोटीचं कसं? मोबाईलवर बघू का?"

मी मागे बसून हसलो. भरतीची वेळ मोबाईलला विचारायची म्हणजे जेवण झालं का हे शेजाऱ्याला विचारण्यासारखं. आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून भरती सांगतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. शनिवारी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे सव्वातीनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. माझ्या वडिलांनी आयुष्यभर याच हिशोबावर होडी लोटली आणि घड्याळ कधी घातलं नाही. हे सगळं मी अहिरे सरांना पुलापासून दमणच्या वेशीपर्यंत सांगितलं. ते मान हलवत राहिले. वाऱ्यामुळे त्यांना निम्मं ऐकू आलं नसावं.

जांपोरच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं, कणसं भाजणारे, घोडेवाले आणि सुरतेकडची कुटुंबं असा शनिवारचा थाट होता. समुद्र मात्र हजर नव्हता. ओहोटीला इथलं पाणी इतकं लांब जातं की आलेली माणसं डोळ्यांवर हात धरून ते शोधत होती. एका आजोबांनी ओल्या वाळूकडे पाठ करून फोटो काढून घेतला आणि परतीची रिक्षा धरली.

खरं तर हाच किनारा बघण्यासारखा असतो. पाणी गेल्यावर समुद्र आपलं सामान बाहेर टाकून जातो. करंगळीच्या नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन, त्यातलं खाणं चोखून, उरलेल्या वाळूच्या गोळ्या मागे टाकत होते. प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांची नक्षी. लांब सुळक्यांसारखे शंख होते, गुलाबी पोटाचे शिंपले होते. अहिरे सरांनी पंधरा-वीस छानसे शंख रुमालात बांधले आणि चहा घ्यायला टपरीवर बसल्यावर रुमाल शेजारी ठेवला. चहा येईपर्यंत रुमाल बाकाच्या टोकाशी गेलेला होता. शंखांत खेकडे राहायला आलेले होते. अहिरे सरांनी ते सगळे परत नेऊन सोडले, शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभं करतात तसे एका ओळीत.

मग त्यांना वाळूत एक पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू सापडली आणि ते एकदम खूश झाले. "हे तर समुद्रफेस. आमच्या बाजारात वैदू विकतो. कान फुटला की उगाळून टाकतात. लहानपणी माझ्या कानात पाव किलो तरी गेलं असेल." फेस वाळला की त्याचं हे होतं, अशी त्यांची समजूत होती. ही माकुळाच्या पाठीतली ढाल आहे, असं मी सांगितलं. माकूळ म्हणजे शाई सोडणारा, मऊ अंगाचा समुद्री प्राणी, हेही सांगितलं. त्यांनी ती वस्तू नाकापाशी नेऊन हुंगली आणि खिशात ठेवली. "आईला सांगणार नाही," म्हणाले.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. साडेतीन वाजले तरी पाणी मागेच सरत होतं. चार वाजले. सव्वाचारला अहिरे सरांनी घड्याळ बघितलं. "सर, अजून जातंच आहे."

"वारा जमिनीवरून आहे," मी म्हणालो. "वारा पाणी धरून ठेवतो." वारा समुद्रावरून होता. अहिरे सरांना ते कळण्याचं कारण नव्हतं आणि मी स्वतः त्याकडे बघितलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उंबाडियुं खाल्लं. मडक्यात पापडी, रताळी, कंद, हिरवा मसाला घालून, रानपाल्याने तोंड बंद करून, ते उलटं ठेवून वरून जाळ करतात. आमच्याकडच्या पोपटीचंच हे भावंड. फरक इतकाच, की आमच्याकडे पोपटी शेतात बसून घरची माणसं लावतात आणि अंडी-कोंबडीशिवाय ती कोणाला गोड लागत नाही. इथे ती हायवेवर वजनावर मिळते आणि सोबत ताक देतात. अहिरे सरांनी दोनदा मागून घेतलं. दारूसाठी नावाजलेल्या दमणमध्ये येऊन रात्री ताक पिऊन लॉजवर परतणारे पाहुणे लॉजवाल्याने बऱ्याच दिवसांत बघितले नसावेत.

रविवार, खाडी

दमण आणि उमरगाव यांच्या मधल्या एका खाडीवर आम्ही सकाळी नऊला पोहोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे पक्षी निवांत बसतात. नाव लिहिलं की कॅमेरे येतात.

खाडीच्या एका बाजूला मिठागर. चौकोनी वाफे, त्यात गुडघ्याच्या खाली पाणी, कडेला पांढरे ढीग. वाफ्यांभोवती उंच मातीचा बांध. त्या बांधाच्या पलीकडे तिवरांची झुडपं आणि त्यांच्याही पलीकडे, पाण्याच्या अंगाला, एक जुना पडका बांध. पूर्वी तिथवर मिठागर होतं. समुद्राने ते परत घेतलं. जुन्या बांधाला सुरुवातीलाच एक खांड पडलेली आहे, दहा-बारा हात रुंद. ती ओलांडली की पुढे दीडदोनशे पावलांवर जुन्या उघाडीचे दगडी खांब उभे आहेत. उघाडी म्हणजे पाणी आत घेण्याचं दार. दार गेलं, खांब राहिले.

भरतीला चिखल बुडाला की किनाऱ्यावरचे पक्षी उंच कोरड्या जागी येऊन थव्याने बसतात. म्हणून मी मुद्दाम उधाणाचे दिवस निवडले होते. मुलांना पक्षी जवळून दिसावेत, हाच हिशोब. त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा.

मिठागरात एक बाई लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ ओढत होती. चाळिशीची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, साडी त्यात खोचलेली. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "क्यां जाओ छो?"

"जुन्या बांधावर. पक्षी बघायला."

"भरती छे."

"पावणेदहाला पूर्ण होईल," मी म्हणालो. "मग पाणी उतरणारच."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पलीकडच्या चिखलाकडे बघितलं. "तमे जाणो," म्हणाली आणि परत मीठ ओढायला लागली. तुम्हाला माहीत, असं ती म्हणाली. मला ते मानाचं वाटलं.

पावणेदहा वाजून गेल्यावर, दहाला दहा कमी असताना, आम्ही खांडीत उतरलो. पाणी घोट्याच्या वर होतं. अहिरे सर थांबले. "भरती झाली ना सर?" "झाली. आता उतरणीला लागेल," मी म्हणालो. त्यांनी पँट दुमडली आणि माझ्यामागून आले.

पुढचा अर्धा तास मात्र मी या आयुष्यात विसरणार नाही, आणि त्याचं कारण आधी चांगलं होतं. जुन्या बांधाच्या टोकाला चिखलाच्या एका उंचवट्यावर पक्षीच पक्षी. वर वळलेल्या चोचीचे उचाटे, लांब लाल पायांचे शेकाटे, पाणटिवळे, आणि पायाशी शेकड्यांनी तुतवार, सगळे वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर. मधूनच थवा उठायचा, हवेत वळताना पांढरा व्हायचा, परत वळताना करडा व्हायचा आणि बसायचा. अहिरे सरांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. "सर, यांना शिकवतं कोण हो हे? माझी कवायतीची पोरं एका वेळी डावीकडे वळत नाहीत."

पक्षी बसल्या जागेवरून सारखे वर सरकत होते. ते का सरकत होते, हा विचार मी केला नाही. मी वहीत नावं लिहीत होतो.

साडेदहाला मी मागे बघितलं. खांडीत पाणी कमरेएवढं झालं होतं आणि ते बाहेरून आत धावत होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते.

मला आधी लाज वाटली. भीती त्यानंतर वाटली.

"चला, पटकन," मी म्हणालो. "अजून जाता येईल." आम्ही खांडीपर्यंत जवळजवळ पळत आलो. काठावर अहिरे सर जागच्या जागी उभे राहिले. शाळेत त्यांचा आवाज तीन इमारतींपलीकडे जातो. तो आता कसाबसा निघाला. "सर, माले पव्हता येत नही."

मी पोहू शकतो. मी त्यांचा हात धरला, एक पाय पाण्यात घातला आणि त्यांना ओढलं. हे मी का केलं याचं मला आजही नीट उत्तर देता येत नाही. पावणेदहा चुकलं हे कबूल करण्यापेक्षा पाण्यात उतरणं त्या क्षणी मला सोपं वाटलं असावं.

"आवशो नई," येऊ नका, असा समोरून आवाज आला. मिठागरातली ती बाई आतल्या बांधावरून येऊन खांडीच्या पलीकडच्या काठावर उभी होती. "त्यां ज ऊभा रो'. पग बहार काढो."

मी पाय बाहेर काढला.

ती हातवारे करत नव्हती, धावपळ करत नव्हती. तिने आम्हाला उघाडीच्या खांबांकडे बोट दाखवलं, तिथे बांध सगळ्यात उंच होता. आम्ही तिथे गेलो, पण खांबांवरून तिचं बोलणं ऐकू येईना. मग ती आतल्या बांधाने आमच्या समांतर चालत आली आणि खांबांच्या बरोबर समोर, तिवरांच्या पलीकडे, उकिडवी बसली. मधे पंधरावीस हात पाणी. "हजू कलाक चढशे," तिने सांगितलं. अजून तासभर चढेल. मग तिने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि अहिरे सरांना विचारलं, "गाम कियुं?"

त्यांनी गाव सांगितलं.

"खेती छे?"

"शे ना. चार एकर. कांदा लायेल शे."

कांदा कधी लावता, कधी काढता, पाणी किती लागतं, विहीर किती खोल, चाळीत कांदा सडतो तेव्हा वास कसा येतो, एकेक करून ती विचारत गेली. ती गुजरातीत, ते अहिराणीत. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. मधे मीच काय तो पुस्तकी मराठीतला होतो आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. पाणी बांधाच्या कडेला आलं. मग वर आलं. आमच्या पायाखालची माती मऊ झाली, घोटे भिजले. अहिरे सरांनी एका हाताने दगडी खांब धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट, आणि ते समोर बघून सांगत होते की विहिरीला चाळीस हातांवर खडक लागला, तेव्हा वडील तीन दिवस जेवले नाहीत.

"पछी?" बाईने विचारलं.

मग सुरुंग लावला. मग पाणी लागलं. तेही त्यांनी सावकाश सांगितलं.

ती बोलत का होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. घाबरलेला माणूस बोलता असला की हलत नाही. खाडीवर माणसं बुडतात ती बहुतेक थांबायचं सोडून निघतात म्हणून, असं तिनेच नंतर सांगितलं. त्या तासाभरात तिच्या वाफ्यात अर्धवट ओढलेलं मीठ तसंच पडून होतं.

अकराच्या पुढे पाणी थांबलं. किती वेळ थांबलं ते सांगता येत नाही, पण एकदा अहिरे सरांच्या पायाजवळ तरंगणारं तिवराचं पान उलट दिशेने निघालं. बाई उठली. "चालो. दोढ कलाक बेसो हवे," म्हणाली, दीड तास आता बसून राहा, आणि कामाला गेली.

खांड ओलांडली तेव्हा एक वाजत आला होता. पाणी मांडीएवढं, खाली गाळ. त्या गाळात अहिरे सर दोनदा बसले आणि त्यांच्या खिशातून मोटरसायकलची किल्ली गेली. समुद्रफेस मात्र शाबूत राहिला.

दुसरी किल्ली डोकमर्डीला घरी. त्यांचा मेहुणा दुसऱ्या दिवशी घेऊन येणार होता. त्यामुळे रात्री त्या बाईच्याच घरी ओटीवर मुक्काम पडला. तिचं नाव रमीलाबेन. नवरा ओख्याकडे बोटीवर, घरात सासू. रमीलाबेनचं माहेर डहाणूकडचं, त्यामुळे निवांत असली की ती मराठी बोलते; गुजराती घाईची. तांदळाची जाड भाकरी आणि लेवट्याचं कालवण होतं. लेवटा म्हणजे चिखलावर उड्या मारणारा तो बटबटीत डोळ्यांचा मासा. आमच्याकडे त्याला निवटी म्हणतात आणि खोबरं-कोकम घालतात. इथे आंबटपणाला कैरी होती आणि खोबऱ्याचा पत्ता नव्हता. अहिरे सरांनी कालवण खाल्लं नाही. भाकरी आणि कांदा खाल्ला. माझ्याशी ते दुपारपासून एक शब्द बोलले नव्हते.

सोमवार, महाशिवरात्र

सकाळी रमीलाबेनने मिठागर दाखवलं. उपास होता, तरी काम होतंच; मीठ शिवरात्र पाळत नाही, असं सासू म्हणाली. मोठ्या तळ्यात उधाणाचं पाणी घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, शेवटच्या वाफ्यात पायाने तुडवून तळ घट्ट करायचा. मीठ धरायला लागलं की पाण्यावर आधी एक पातळ पापुद्रा येतो. तो बोटाने मोडला की तळाशी जातो. पलीकडच्या मोठ्या तळ्यात दहा-बारा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते, मान पाण्यात उलटी घालून. रमीलाबेनने त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

मी तिला माझा पाऊणपटीचा हिशोब सांगितला. सांगायला जड गेलं.

"खोटा नाय तुमचा हिशोब," ती म्हणाली. "तुमच्या खाडीचा हाय तो. पाणी तिकडनं निघून इथवर यायला येळ लागते ना. इथे सव्वा तास उशिरा धरा." म्हणजे माझ्या वडिलांचं बरोबर होतं, श्रीवर्धनपुरतं. ते मी पोटलीत बांधून अडीचशे किलोमीटर वर आणलं होतं.

"आणि मी घड्याळाने नाय बघत," ती म्हणाली. तिने चिखलातल्या लहान खेकड्यांकडे बोट दाखवलं. एका मोठ्या नांगीचे, लाल-पिवळे. "पाणी चढायचं असलं की हे बिळात जातात नि वरनं चिखलाची टोपी लावतात. काल तुम्ही आला तवा एक पण बाहेर नव्हता." काल तिने चिखलाकडे बघितलं होतं ते हे.

मग अहिरे सरांनी तिला शाळेतल्या मुलांचं सांगितलं. किती मुलं, केवढी, कुठली. मला वाटलं, ते आता नाहीच म्हणणार. त्यांनी विचारलं, "बेन, पोरं आणली तर चालतील का इथे?"

"आणा की. पण अवसेच्या नि पुनवेच्या बाजूला नको. आठमीला आणा. आठमीचं पाणी आळशी असते. पक्षी लांब दिसतील, पण पोरं जवळ राहतील. नि या बांधावरच. जुन्या बांधावर नाय."

दुपारी मेहुणा किल्ली घेऊन आला. परतीच्या वाटेवर अहिरे सर आणि मी एका मोटरसायकलवर पाऊण तास बसलो, आणि आमच्यात फक्त माझी पिशवी होती.

मंगळवार, शाळा

अहवाल मी सोमवारीच लिहून ठेवला. दोन पानं. किनाऱ्यांची वर्णनं, अंतरं, पाण्याची सोय, स्वच्छतागृहं, पक्ष्यांची यादी, मिठागरात माहिती देणाऱ्या स्थानिक बाईंची तयारी, सहलीसाठी अष्टमीचा दिवस योग्य. सगळं खरं होतं. रविवारच्या अडीच तासांबद्दल त्यात काही नव्हतं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मला पाठ होतं: एक गोष्ट खटकली तर वनगंगा. माझ्या चुकीपायी मुलांचा समुद्र का जावा, असं मी स्वतःला रात्री समजावलं, आणि मला ते पटलंही. आपली बाजू आपल्याला लवकर पटते.

मधल्या सुट्टीत अहिरे सरांनी तो अहवाल मैदानाच्या कठड्यावर बसून वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सर, यात आपण अडकलो होतो ते नाही."

"ते लिहिलं तर मुलं जाणार नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर तुम्ही नेणार त्यांना," अहिरे सर म्हणाले.

आवाजात राग नव्हता. मैदानावर सातवीची मुलं धावत होती. मी अहवाल त्यांच्या हातून घेतला आणि प्रयोगशाळेत जाऊन तिसरं पान लिहिलं. भरतीची वेळ मी चुकीची सांगितली, असं लिहिलं. शनिवारी ती चूक दिसली होती आणि मी वाऱ्यावर ढकलली, असं लिहिलं. पोहता न येणाऱ्या सहकाऱ्याला मी वाहत्या पाण्यात ओढत होतो आणि एका बाईने थांबवलं, हेही लिहिलं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला उरलेली सुट्टी पुरली नाही. मग अहिरे सरांनी सही केली.

मॅडमनी तिन्ही पानं वाचली. तिसरं दोनदा वाचलं. वनगंगा जिंकली, असं मी धरून चाललो होतो.

"त्या बाई मुलांबरोबर पूर्ण वेळ थांबतील का?" त्यांनी अहिरे सरांना विचारलं.

"थांबतील. मी फोनवर बोललो."

"मग दिवस त्या सांगतील तो. पाण्याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. पुढे अहिरे सर चालतील." त्यांनी कागद टाचले. "मयेकर सर, तुम्ही मागे. शेवटच्या मुलाच्या मागे. आणि वेळ कोणालाही सांगायची नाही."

फाल्गुनातल्या अष्टमीला आमची बस गेली. पक्षी लांब चिखलात ठिपक्यांएवढे होते. मुलांचं त्यांच्यावाचून काही अडलं नाही. लेवट्यांनी उड्या मारायला सुरुवात केल्यावर पहिला तास नुसता हसण्यात गेला. मिठाचा पापुद्रा प्रत्येकाने बोटाने मोडून बघितला आणि चाखला. खेकडे टोप्या घालतात का हे बघायला सहा जण चिखलाशी पालथे पडले. एका मुलीने मला विचारलं, सर, भरती किती वाजता? मी म्हणालो, रमीलाबेनना विचार.

चारला परत निघालो. बांधावरून ओळीने मुलं उतरत होती आणि खाली, बांध संपतो तिथे, अहिरे सर उभे होते. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून ते मोजत होते. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. मुलं संपली. सर्वांत मागून मी उतरलो, चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन. त्यांनी माझ्याही खांद्याला हात लावला.

"त्रेचाळीस," ते म्हणाले, आणि बस सोडायला सांगितली.